सात दिवसांत मऊ हात

सोमवारी सकाळी मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवून सगळी मशीनं थांबवली आणि सांगितलं, की रेशमाच्या टेबलावरची एक खुर्ची रिकामी होतेय. माझ्या हातातली ताडपत्री घसरून माझ्याच पायावर पडली. लागलं की नाही ते आठवत नाही. अकरा वर्षं मी हे एक वाक्य ऐकायला जिवाचा कान करून बसले होते!

आमचा कारखाना नाटकवाल्यांसाठी आणि सर्कशीसाठी शिवतो. दाराजवळ आम्ही, जाड कापडवाल्या. तंबू, पडदे, सामानाच्या पिशव्या आमच्याकडे. मधे बटणं आणि हुकांचं टेबल. आणि पार पलीकडे, मोठ्या खिडकीखाली, रेशमाचं टेबल. तिथे फक्त चौघी बसतात. नायिकेचे झगे, झुल्यावर उडणाऱ्या मुलींचे पोशाख, जादूगाराच्या कोटाचं अस्तर, सगळं त्यांच्या हातून जातं. आम्ही शिवलेल्यावर लोक पाय देतात नाहीतर त्याच्या आड उभे राहतात. त्यांनी शिवलेल्याकडे हजार माणसं डोळे फाडून बघतात. हेवा म्हणा, हौस म्हणा, मला तिकडे जायचं होतं.

पण त्या टेबलावर टीप बघून घेत नाहीत, हात बघून घेतात. भेगाळलेलं बोट रेशमाला लागलं की धागा ओढला जातो आणि अख्खा झगा वाया. म्हणून मोठ्या बाईंच्या खणात एक जुना, गडद निळा, कांद्याच्या सालासारखा पातळ रेशमी रुमाल ठेवलेला आहे. उमेदवाराने हात पुढे करायचे. बाई रुमाल हातावरून ओढणार, आधी तळव्यावरून, मग पालथ्या हातावरून, मग एकेका बोटावरून. तेवढा वेळ सगळी मशीनं बंद, पंचवीस बायका कान टवकारून उभ्या. हात मऊ असला तर काही ऐकू येत नाही. नसला तर ऐकू येतं. खर्र! झालं, घरी जा. रुमालातून सुटली, तर पांढऱ्या रेशमाचा एक तुकडा शिवायला देतात आणि तो उजेडात धरून बघतात; टाके तिथेही कोणी मोजत नाही.

आणि ही परीक्षा फक्त थंडीतच होते. "थंडीत जो हात मऊ, तो बारा महिने मऊ," असं बाई म्हणतात. उन्हाळ्यात माझे हात लोण्यासारखे असतात, पण उन्हाळ्यात विचारतो कोण! मी दोनदा उभी राहिले होते. पहिल्यांदा करंगळीने दगा दिला. दुसऱ्यांदा तळव्यावरच खर्र झालं, आणि इतकं मोठ्याने, की दारातल्या रखवालदाराने काय फाटलं म्हणून आत डोकावून बघितलं. बायका हसल्या. मीही हसले, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

ह्या वेळी परीक्षा पुढच्या सोमवारी होती. आम्ही दोघींनी नावं दिली, मी आणि बटणांच्या टेबलावरची एक तरणी पोर. तिला सगळे बटणवालीच म्हणतात.

घरी मी जवळजवळ धावतच गेले. सासूबाई टेबलाशी वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"आई, खुर्ची रिकामी झाली!"

"कुठली गं?"

"रेशमाची! पुढच्या सोमवारी रुमाल!"

सासूबाईंनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे, मग पुन्हा वाटाण्यांकडे. "बरं," एवढंच म्हणाल्या. त्यांची बाजू घेऊन सांगते, की त्यांच्या जागी मी असते तर एवढंही म्हटलं नसतं. सांध्यांवरची कातडी फाटलेली, बोटांची टोकं चिरलेली, पालथ्या हातावर पांढरा कोंडा. मागच्या हिवाळ्यात खिडकीची चौकट घासता घासता नवरा मला म्हणाला होता, "पॉलिश पेपर संपला, जरा हात फिरवतेस का?" त्यानंतर मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

नणंद मात्र उडी मारून उठली. ती कॉलेजात काय शिकते ते तिच्या कॉलेजलाही माहीत नसेल, पण फोनवरच्या घरगुती उपायांमध्ये तिचा हात कोणी धरू शकत नाही.

"वहिनी, काळजीच करू नकोस! सात दिवसांत मऊ हात, गॅरंटी! माझ्याकडे एकोणीस व्हिडिओ सेव्ह आहेत."

"एकोणीस?"

"कोरड्या हातांचे एकोणीस. टाचांचे वेगळे."

उतावीळ मी, तिच्याहून उतावीळ ती. त्याच संध्याकाळी आम्ही साखर आणि लिंबू चोळलं. तुमच्या हाताला भेगा असतील आणि कोणी तुम्हाला लिंबू चोळायला सांगितलं, तर त्या माणसाशी नातं तोडा. मी अशी किंचाळले, की वरच्या मजल्यावरच्यांनी जमिनीवर पाय आपटले. नणंद म्हणाली, "आग होते म्हणजे काम करतंय." मंगळवारी केळं आणि मध. त्याने निदान आग झाली नाही, पण माझे केस, दाराची कडी आणि मांजर एवढं सगळं चिकट झालं. बुधवारी सकाळी साय, दुपारी डब्यासोबत नेलेली कोरफड, संध्याकाळी ग्लिसरीन, त्यावर खोबरेल. एक ना धड, भाराभर चिंध्या! ही म्हण कुठल्यातरी शिवणाऱ्या बाईनेच काढली असणार.

आणि प्रत्येक लेपानंतर मी हात कसे धुवायची? नळाचं पाणी वाफ येईपर्यंत गरम करायची, साबण लावून खसखसून घासायची, टॉवेलने रगडून पुसायची, आणि मग हीटरसमोर धरायची. थंडी काय कमी होती! रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा दहा वाजेपर्यंत पांढऱ्या असायच्या.

बुधवारी रात्रीच्या जेवणाला ताट उचललं तर अंगठ्याच्या बुडाशी चीर पडली आणि रक्ताचा थेंब ताटाच्या कडेला लागला. सोमवारी होते त्याहून माझे हात वाईट झाले होते. माझा संताप असा उफाळला, की मी नणंदेला म्हणाले, "तुझे एकोणीसच्या एकोणीस व्हिडिओ चुलीत घाल!" तिने तोंड एवढंसं केलं. मग मला तिची दया आली, त्यामुळे स्वतःचा आणखीच राग आला.

सासूबाई तीन दिवस एक अक्षर बोलल्या नव्हत्या. तीस वर्षं त्यांनी दवाखान्यात नवजात बाळांच्या वॉर्डात आया म्हणून काढली. कातडीबद्दल त्यांना काय माहीत नाही? पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही हा त्यांचा नियम, आणि विचारायचं नाही हा माझा. लग्नाला बारा वर्षं झाली, आमचं ह्या दोन नियमांवर छान चाललं होतं.

मी ताट खाली ठेवलं. "आई, तुम्हीच सांगा आता. काय करू?"

त्यांनी घास संपवला, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "आधी मला हात धुऊन दाखव."

मी नळ सोडला. वाफ आली. त्यांनी माझ्या हातांच्या आधी आपलं बोट धारेखाली धरलं आणि झटकन मागे घेतलं.

"अगं, अंडं उकडेल ह्यात! तू लेप लावतेस कशाला? आधी भाजतेस आणि मग मलम शोधतेस."

"मला थंडी वाजते!"

"वाजू दे. मोजे घाल, शाल घे, हातांना कशाला शिक्षा?" त्यांनी नळ फिरवून पाणी कोमट केलं. "थंडीत बाळांची कातडी अशीच सुटायची. आम्ही काय करायचो? पाणी कोमट, पाच मिनिटं. टिपायचं, रगडायचं नाही. आणि अंग ओलसर आहे तोवर तेल. कोरड्या कातडीला तेल लावणं म्हणजे रिकाम्या डब्याला झाकण लावणं. आत काही नाहीच, तर झाकून काय ठेवणार?"

एवढं सोपं? एकोणीस व्हिडिओंमध्ये सगळ्या जगाची फळं होती, पण नळाच्या पाण्याचं कोणी बोललं नव्हतं!

त्यांनी साधे ओट्स मिक्सरमधून पीठ करून काढले, जुन्या मलमलीच्या तुकड्यात पुरचुंडी बांधली आणि कोमट पाण्याच्या परातीत ती पिळत राहिल्या. पाणी दुधासारखं पांढरं झालं. मी हात बुडवले. आणि आग थांबली! तीन दिवसांत पहिल्यांदा थांबली. मी चक्क "आई गं" म्हणाले, आणि त्यांना वाटलं मी त्यांनाच हाक मारली, म्हणून त्या "काय?" म्हणाल्या. मग बदामाच्या तेलाचे चार थेंब, ओल्या हातांवर, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. वर नवऱ्याचे सुती पायमोजे, धुतलेले.

"आता भांड्यांना हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "सोमवारपर्यंत."

"मग घासणार कोण?" नवऱ्याने विचारलं, आणि विचारल्यावर तिघींची तोंडं आपल्याकडे वळलेली बघून त्याला उत्तर कळलं.

गुरुवारपासून घराचं रूपच पालटलं. मी हातांत पायमोजे घालून राणीसारखी बसलेली, नणंद ओट्स दळतेय, नवरा बाह्या दुमडून भांडी घासतोय. तो विमा कंपनीत आहे. तिथे हजेरी अंगठ्यावर चालते. शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला आणि अंगठा माझ्या नाकासमोर धरला.

"मशीन मला ओळखत नाही! सहा वेळा ठेवला. मशीनमधली बाई बोलते, 'कृपया पुन्हा प्रयत्न करा.' मागे रांग लागली होती. साहेब म्हणाले, काय हो, दुसऱ्याचा अंगठा घेऊन आलात का?"

अंगठ्याच्या रेषाच गेल्या होत्या, नुसत्या पांढऱ्या भेगा. मी हसायला नको होतं, पण हसले. मग त्याचे हात परातीत ओढले आणि माझ्या शेजारी बुडवले. चार हात एका परातीत, गुडघ्याला गुडघा लागलेला. तो म्हणाला, "हे बरं आहे गं." तो कशाबद्दल म्हणाला ते मी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी जाग आली तेव्हा मोजे काढायची भीती वाटत होती. एक काढला. गालावरून हात फिरवला. काही टोचलं नाही! दुसरा काढला. दोन्ही हात एकमेकांवर चोळले, पालथे, सुलटे, बोटं बोटांत घालून. सांध्यांवरच्या भेगा मिटल्या होत्या, कोंडा नव्हता. मी पलंगावरून अशी उडी मारली, की नवरा घाबरून उठून बसला.

"बघ! बघ! लाव हात!"

त्याने डोळे न उघडताच हात लावला, मग एक डोळा उघडला. "कोणाचा आहे हा?"

मी स्वयंपाकघरात पळाले. सासूबाईंना दाखवले, नणंदेला दाखवले. नणंदेने लगेच फोटो काढला आणि स्वतःच विसावा व्हिडिओ करायचं ठरवलं. पण मला धीर कुठला! हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मला रेशीम हवं होतं. खरं रेशीम. घरात ते एकच होतं, सासूबाईंचा मोतिया रंगाचा स्कार्फ. सासऱ्यांनी दिलेला. त्या तो गळ्यात घालत नाहीत, फक्त वर्षातून एकदा काढून हवा देतात.

"घे," त्या म्हणाल्या. त्यांनाही उत्सुकता होतीच.

नणंदेने स्कार्फ माझ्या हातावरून ओढला. तळवा. पालथा हात. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. करंगळीला मी श्वास धरला. आवाज नाही! एवढासाही नाही! मी नणंदेला मिठी मारली, सासूबाईंना मिठी मारली, मांजर वेळेवर पळालं. स्कार्फ हातात घेऊन मी एक गिरकी घेतली.

आणि गिरकी घेताना तो खिडकीसमोर आला, उजेडात. मधोमध वाटाण्याएवढे पाच डाग होते. पाच बोटांचे.

मला आधी कळेचना. मग बोटं नाकाशी नेली. बदाम.

ह्यात गंमत अशी, की ही चूक फक्त माझ्यासारखीच करू शकते. आमच्या जाड कापडाच्या टेबलावर तेल म्हणजे मित्र. ताडपत्रीतून सुई जात नसली की आम्ही धाग्याला तेलाचं बोट लावतो, सुई सुर्रकन पार होते. अकरा वर्षं तेलकट बोटांनी शिवून माझ्या डोक्यात कधी आलंच नाही, की रेशमावर तोच हात म्हणजे सत्यानाश. म्हणजे खर्र झालं नसतं, पण पहिल्याच झग्यावर माझ्या पाचही बोटांची सही उमटली असती. आणि रुमाल गडद निळा, त्यावर ती दिसलीही नसती. बाई रुमालानंतर पांढऱ्या रेशमाचा तुकडा का शिवायला देतात, ते मला तेव्हा उमगलं.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. शिवाय स्कार्फही गेला! मी सासूबाईंकडे बघू शकत नव्हते.

त्यांनी स्कार्फ माझ्या हातातून घेतला, घडी घातली, उलगडला, पुन्हा घडी घातली. "डाग पडायचाच होता," त्या म्हणाल्या, "तर शनिवारी पडला. सोमवारी नाही. तुझ्या सासऱ्यांनी दिलेली वस्तू निदान एकदा कामाला तरी आली."

मी रडले. मग त्या म्हणाल्या, "डोळे पुस. कोमट अश्रू असले तरी रगडू नकोस," आणि मला हसू फुटलं.

रविवार सगळा प्रयोगात गेला. शेवटचं तेल सकाळी लावलं. दुपारनंतर फक्त पुरचुंडी. ओट्सचं पीठ हातांवर हळूच फिरवलं की वरचं तेल ते ओढून घेतं आणि आतला ओलावा तसाच राहतो. साबणाने दोन्ही जातात. प्रत्येक वेळी मी तळवे खाकी कागदावर दाबून धरायची आणि नणंद तो कागद दिव्यापुढे धरायची. तीन वाजता डाग. पाच वाजता फिकट डाग. सात वाजता नुसता कागद! हात तेवढेच मऊ होते. आम्ही तिघींनी मिळून असा आरडाओरडा केला, की वरच्या मजल्यावरून पुन्हा पाय आपटले.

सोमवारी सकाळी मला कशालाही हात लावायची बंदी होती. नवऱ्याने माझ्या कोटाची बटणं लावली, चुकीच्या काजात, आणि पुन्हा लावली. दार त्याने उघडलं, डबा त्याने धरला, बसमध्ये मला दांडा धरावा लागू नये म्हणून मला दोन्ही खांद्यांना धरून उभा राहिला. समोरची म्हातारी त्याला म्हणाली, "फार आजारी आहेत का?" तो म्हणाला, "नाही, परीक्षा आहे." कारखान्याच्या दारात त्याने माझ्याकडे बघितलं, डबा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत सरकवला, आणि "जा" एवढंच म्हणाला.

मी आधी न्हाणीघरात गेले. पिशवीत ताजी पुरचुंडी होती, एकदा शेवटचा हात फिरवायला. दार ढकललं तर आरशासमोर बटणवाली उभी. हातात छोटी बाटली. ती तळव्यांवर तेल ओतून चोळत होती, अगदी मनापासून, कोपरापर्यंत. वास ओळखीचा होता.

"ताई, बघा ना," ती म्हणाली, "एकदम सिल्क झालेत. आठ दिवस लावतेय. आता हा शेवटचा थर."

बटणांच्या टेबलावरही तेल चालतं. तिला कोण सांगणार?

मी काही संत नाही. मी "छान" म्हणाले, हातांवर पुरचुंडी फिरवली, टिपले, आणि बाहेर पडले. दारापासून पाच पावलं गेले. त्या पाच पावलांत माझं गणित झालंसुद्धा. रुमालात दोघी पास, मग पांढरा तुकडा, तिचा डागाळणार, माझा नाही, खुर्ची माझी. मी काहीही केलेलं नाही. फक्त बोलले नाही.

आणि मला माझा इतका राग आला! मला जिंकायचं होतं, पण अकरा वर्षं थांबून, एका पोरीच्या तेलकट अंगठ्यावर? मग मी शिवायला शिकलेच कशाला?

मी परत गेले आणि दार धाडकन उघडलं. "ए बावळट! ते तेल धू!"

ती दचकली. "का? मऊ तर—"

"मऊ आहेत, पण रेशमावर डाग पडेल. पांढऱ्यावर तुझी पाचही बोटं दिसतील. साबण नको! साबण नको म्हणतेय ना! हे घे." मी पुरचुंडी तिच्या हातात कोंबली. "कोमट पाणी. फिरव. चोळू नकोस. आण इकडे, तुला काही येत नाही."

आणि माझ्या मेहनतीने मऊ केलेल्या हातांनी मी तिचे हात धुऊन दिले. खिडकीत पडलेल्या खाकी पाकिटावर तिचे तळवे दाबून बघितले. पाचव्या खेपेला डाग नाही. ती माझ्याकडे असं बघत होती जसं काही मी वेडी आहे. "ताई, पण तुम्हाला तर—"

"गप्प बस आणि चल, उशीर होतोय."

टाळ्या वाजल्या. मशीनं थांबली. मोठ्या बाईंनी खणातून रुमाल काढला. आधी बटणवाली. तळवा, पालथा हात, दहा बोटं. काही नाही. मग मी.

मी डोळे मिटून घेतले. तळव्यावरून थंडगार काहीतरी सरकलं. पालथ्या हातावरून सरकलं. अंगठा. तर्जनी. करंगळीपाशी माझ्या छातीतले ठोके मला ऐकू येत होते, आणि मला वाटलं तेच सगळ्यांना ऐकू जातील. पण दुसरं काही ऐकू आलं नाही. काहीच नाही! मग आमच्या टेबलावरून कोणीतरी शिट्टी मारली आणि बायका टाळ्या पिटायला लागल्या, आणि रखवालदाराने पुन्हा डोकावलं, ह्या वेळी टाळ्या कशाच्या म्हणून.

"बसा दोघी," बाई म्हणाल्या. पांढऱ्या रेशमाचे दोन तुकडे, वीतभर काठ दुमडायचा, हाताने.

ते रेशीम! बोटांत आहे की नाही तेच कळत नव्हतं. जाड कापडावर मी सुई ढकलते, इथे तिला नुसतं जाऊ द्यायचं होतं. पहिले चार टाके मी मोजून घातले. मग हाताला आपोआप आठवलं, अकरा वर्षं जे येत होतं तेच, एकामागून एक, सारख्या अंतरावर. मला इतका आनंद झाला, की काठ संपला तेव्हा वाईट वाटलं.

बाईंनी दोन्ही तुकडे मोठ्या खिडकीसमोर धरले. मी बटणवालीचा श्वास ऐकला. तिच्या तुकड्यावर डाग नव्हता. माझ्याही नव्हता.

बाई तुकडे धरून तशाच उभ्या राहिल्या. असं ह्या कारखान्यात कधी झालंच नव्हतं. एरवी रुमाल एकीला घरी पाठवतो, नाहीतर डाग पाठवतो, आणि निकाल लागतो. आज रुमालानेही काम केलं नव्हतं आणि डागानेही.

"आता कसं ठरवायचं?" बाई स्वतःशीच म्हणाल्या.

"टीप बघा की," खुर्ची सोडून जाणारी रेशीमवाली म्हणाली, आपला चष्मा पुसत. "शिवायलाच बसवायचंय ना?"

बाईंनी भिंग काढलं. बटणवालीचा काठ बघितला. मधे दोन ठिकाणी टाके दाटले होते, पोरीने घाई केली होती. मग माझा उचलला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला, आणि पुन्हा परत आणला. उलटा केला. आतून बघितला. पुन्हा सुलटा केला.

"इतकी वर्षं ही टीप होती कुठे?" बाईंनी विचारलं.

मला नम्र व्हायचं होतं, देवाशपथ. पण तोंडातून गेलं ते गेलं. "तिथेच होती, बाई. ताडपत्रीच्या टेबलावर. वीस पावलांवर."

बाईंनी रेशमाच्या टेबलापाशी जाऊन खुर्ची स्वतः ओढून दिली आणि मी बसले. बटणवालीने मागून माझ्या गळ्यात हात टाकले. मला रडू येत होतं आणि रेशमावर पाणी पडू नये म्हणून मी मान वर करून बसले होते, म्हणून मला दिसलं. मोठ्या बाई वीस पावलं चालत आमच्या जाड कापडाच्या टेबलाकडे गेल्या, कोणाच्याही हातांकडे न बघता ढिगातली एक पिशवी उचलली, उलटी केली आणि तिची आतली टीप बघायला लागल्या.